सोनेरी पट्टीचा ब्रश

९ जानेवारी

ताई,

उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. खालच्या शिवणवाल्या काकूंच्या नावाने पाठव, मी त्यांना सांगून ठेवलंय. का ते वाचशील तेव्हा कळेल.

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. आधी मला वाटलं, कामाचा त्रास असेल. तुला माहीतच आहे, स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर उभं राहायचं, निगेटिव्ह धुवायच्या, पुसायच्या, त्यांचे मोठे फोटो काढायचे. माणूस वैतागतोच. पण हे वैतागत नाहीत गं. वैतागले असते तर बरं झालं असतं. हे गप्प झालेत.

आधी घरात पाऊल टाकलं की बूट काढायच्या आत ढमीला उचलायचे. आता दारातून थेट मोरीत. हात घासतात, घासतात, घासतच राहतात. कपडे स्वतः धुतात. लग्न झाल्यापासून ज्या माणसाने स्वतःचा रुमाल पिळला नाही तो शर्ट धुतोय, तोही वेगळ्या बादलीत. ढमी रांगत त्यांच्या पायाशी जाते आणि हे तिला पायानेच हलकेच बाजूला करतात, मांजराला करावं तसं. ती बघत राहते त्यांच्या तोंडाकडे.

परवा मी भाजी घेऊन आले तर हे ट्रंक उपसून बसलेले. काय शोधताय म्हटलं तर म्हणाले, बटण. बटण शोधायला कुणी पोरीची दुपटी एकेक करून झटकतं का? आणि त्याच दिवशी त्यांचा कामावरचा जोडीदार जिन्यात येऊन त्यांच्याशी कुजबुजत होता. मी दाराआड होते. एक शब्द सारखा येत होता, पोलोनियम. हसू नकोस, मला आधी वाटलं कुणा बाईचं नाव आहे. मग जोडीदार म्हणाला, "तपासायला माणूस येणार आहे." बाईला तपासायला कशाला कोण येईल? तू शाळेत रसायन शिकवतेस, तुला माहीत असेल. काय असतं ते? विकतात का? चोरतात का?

आणखी एक. तुला पाठवलेला तो मऊ केसांचा ब्रश ह्यांनी मला आणून दिलेला होता, ढमीच्या लोकरीच्या टोपीवरची धूळ काढायला. तू लिहिलं होतंस ना, शाळेतल्या तराजूच्या पारड्यांना सारखी धूळ चिकटते म्हणून, तर मी तो दोन महिन्यांपूर्वी तुझ्या पार्सलात घातला. ह्यांना बोलले नाही. त्यांनी हौसेने दिलेली वस्तू मी माहेरी पाठवली म्हटल्यावर वाईट वाटेल. ते मध्ये विचारत होते ब्रश कुठाय, तर मी म्हटलं, असेल ट्रंकेत. तेव्हा तूही कधी बोलू नकोस.

तुझी
बारकी


२० जानेवारी

प्रिय बारके,

तुझं पत्र वाचून मी दोन तास वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

पोलोनियम हा धातू आहे. मऊ, चांदीसारखा. जगात फार म्हणजे फारच थोडा सापडतो. युरेनियमच्या खनिजात असतो, पण डोंगराएवढं खनिज उपसलं तरी चिमूटभरसुद्धा हाती लागत नाही. म्हणून आता तो खाणीतून काढतच नाहीत. बिस्मथ नावाचा दुसरा धातू अणुभट्टीत ठेवतात आणि त्याचा हा करतात. तंबाखूच्या पानातही कणभर असतो, म्हणून मी तुझ्या भावजींना विडी सोडा विडी सोडा म्हणते, पण ते माझं ऐकतील तर ना.

त्यातून सतत किरण निघतात. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही. आणि तो स्वतःच संपत जातो. साडेचार महिन्यांत अर्धा होतो, पुढच्या साडेचार महिन्यांत उरलेल्याचा अर्धा. तिजोरीत ठेवला तरी. आता नीट वाच. त्याचे किरण इतके दुबळे की साधा कागद आडवा धरला तरी अडतात. आपल्या कातडीतूनही आत जात नाहीत. मुठीत धरला तरी एक वेळ चालेल. पण तोच पोटात गेला, श्वासातून आत गेला, तर त्याच्यासारखं विष नाही. आत त्याला अडवायला कातडी नसते.

अशी वस्तू तुझ्या नवऱ्याच्या तोंडी कशाला? फोटोवाल्याचा आणि तिचा काय संबंध? तू विचारलंस विकतात का, तर हो, विकत घेणारेही असतात आणि चोरणारेही असतील. तुला राग येईल, पण मला तो माणूस पहिल्यापासून फार गप्प वाटतो. लग्नाच्या वेळीही मी आईला म्हटलं होतं, हा मुलगा विचारल्याशिवाय स्वतःचं नावसुद्धा सांगणार नाही. हात घासतो, कपडे वेगळे धुतो, ट्रंका उपसतो, म्हणजे त्याने काहीतरी आणून ठेवलं होतं आणि आता ते त्याला सापडत नाहीये. नजर ठेव. ढमीला जमिनीवर एकटी सोडू नकोस. अनोळखी डबी, पुडी, बाटली दिसली तर हात लावू नकोस, मला कळव.

तुझा ब्रश मात्र सोन्यासारखा आहे हो. स्वेटर काढताना चटचट होते ना, तशी वीज तराजूच्या काचेच्या पेटीत साठते आणि आमचा तराजू आपोआप हलतो, मुलं म्हणतात भूत आहे. तुझा ब्रश फिरवला की गप्प. आता मला त्याच्याशिवाय चालत नाही. दोन्ही हातांनी वजनं ठेवायची आणि ब्रश दातात. आई असती तर ओरडली असती.

जपून राहा.
ताई


२ फेब्रुवारी

ताई,

माणूस आला होता. घरी आला.

चष्मेवाला, हातात डबा, डब्याला वायर, वायरीला नळकांडं. स्टुडिओचे मालक बरोबर होते, तेही घाबरलेले. मला म्हणाले, वहिनी, नुसती पाहणी आहे. चष्मेवाल्याने ते नळकांडं ट्रंकेवरून फिरवलं, पलंगावरून, मोरीच्या कडेने, ढमीच्या पाळण्यावरून. डबा मधूनच टिकटिक करायचा आणि तो म्हणायचा, एवढं सगळीकडेच असतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि हे माझ्या तोंडाकडे. मी चोर असल्यासारखे. ताई, मी तुझ्या सांगण्यावरून त्यांच्यावर नजर ठेवते आणि ते माझ्यावर ठेवतात. एका खोलीत दोन पहारेकरी, आणि मधे पोरगी.

जाताना चष्मेवाला मालकांना म्हणाला, जवळ धरल्याशिवाय ह्याचा पत्ताच लागत नाही, कापडात गुंडाळलेला असला तरी डबा गप्प बसेल. मालक म्हणाले, "बाकीचे सगळे जमा झाले हो. एकच ब्रश कमी भरतोय."

ब्रश, ताई.

एका ब्रशासाठी सरकारी माणूस घरात? मला काही ह्यातलं कळत नाही. मला वाटतं ब्रश हे बोलायचं नाव आहे आणि खरी वस्तू दुसरीच आहे. तू लिहिलंस तसं काहीतरी ह्यांनी विकलंय. पण चोरीचा आळ त्या ब्रशावर येणार असेल तर तो इथे असलेला बरा. तू तो पोस्टाने लगेच पाठवून दे. मी गुपचूप ट्रंकेच्या तळाशी ठेवते आणि सापडला म्हणते. मी अजून तोंड उघडलेलं नाही.

काल मी त्यांचा कोट तपासला. खिशात काही नव्हतं, ढमीचा फोटो होता फक्त. त्यावर बोटांचे डाग पडलेले. फोटोवाला माणूस, फोटो कडेने धरतो, बोट लावू देत नाही कुणाला.

बारकी


९ फेब्रुवारी

बारके,

ब्रश पाठवणार नाही. तो पोस्टात टाकायची वस्तू नाही.

मी विचारते त्याचं नीट उत्तर दे, सहज विचारते आहे. ढमीने तो ब्रश तोंडात घातला होता का? दांडा की केसांकडची बाजू? केसांच्या मुळाशी एक सोनेरी पट्टी आहे. तिच्यावर दोन ओरखडे आहेत, शेजारी शेजारी. तिला दात आलेत असं तू लिहिलं होतंस.

तिची ती लोकरीची टोपी न धुता प्लास्टिकच्या पिशवीत घाल. आणि एक अख्खा दिवस-रात्र तिचे लंगोट न धुता दुसऱ्या पिशवीत, गाठ मारून. दोन्ही मला पोचव. माझी कॉलेजातली मैत्रीण प्रयोगशाळेत आहे, तिला दाखवायचे आहेत. घाबरू नकोस. आणि नवऱ्याबद्दल मी लिहिलं ते सध्या बाजूला ठेव.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

सहज म्हणून कुणी कुणाच्या पोरीचे घाण लंगोट मागवत नाही.

तुझं पत्र शिवणवाल्या काकूंकडे उभ्यानेच वाचलं. वर आले. हे मोरीत हात घासत होते. मी ढमीला कडेवर घेऊन मोरीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "तो ब्रश मी ताईला दिला. आता तुम्ही सांगा."

हे खाली बसले. ओल्या फरशीवर. नळ तसाच चालू होता, मीच बंद केला. मग म्हणाले, "दिलास? घरात नाही? पोरीपाशी नाही?" नाही म्हटलं. तर रडायला लागले. ताई, मी ह्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आणि मला राग आला. म्हटलं, माझी बहीण माणूस नाही का?

मग सगळं सांगितलं. निगेटिव्हवर धूळ बसली तर मोठ्या फोटोत पांढरे ठिपके येतात. म्हणून ते ब्रश. त्यांच्या पट्टीत ते पोलोनियम असतं, सोन्याच्या पातळ थराखाली. त्याने वीज मरते, धूळ सुटते. वरून बारीक जाळी असते, बोट लागू नये म्हणून. वर्षभरात पट्टीतला जोर संपतो, मग जुना ब्रश परतीच्या खोक्यात टाकायचा आणि कंपनी नेते. स्टुडिओत सगळे असंच समजतात, खोक्यात पडला म्हणजे मेला. ह्यांनी त्या खोक्यातून एक उचलला. मऊ होता, मला आवडेल म्हणून. कंपनीची चिठ्ठी नखाने खरवडून काढली, मी चोरीचा म्हणेन म्हणून. ती चिठ्ठी राहिली असती तर निदान तुला तरी कळलं असतं काय आहे ते.

आणि तो मेलेला नव्हता. जाळी तुटली म्हणून कुणीतरी लवकर खोक्यात टाकला होता. नवाच होता. मग कंपनीचं पत्र आलं की त्या खेपेच्या काही ब्रशांचा सोन्याचा थर सुटतोय, सगळे ताबडतोब परत करा. तेव्हापासून हे असे. मी घाबरेन म्हणून मला सांगितलं नाही, नोकरी जाईल म्हणून मालकांना सांगितलं नाही, आणि आपल्या हाताला लागलं असेल म्हणून पोरीला हात लावला नाही. मी म्हटलं, "तुम्ही मला एकदा नीट विचारलं असतं तर?" ते म्हणाले, "विचारलं होतं. तू म्हणालीस ट्रंकेत आहे."

मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर ब्रश जानेवारीतच तुझ्या हातातून गेला असता.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ढमीने ब्रश तोंडात घातला का ते मी देवाशपथ सांगू शकत नाही. केस गालावरून फिरवले की खिदळायची, म्हणून मी फिरवायचे. मीच. पण ओरखडे तिचे नाहीत. ब्रश पार्सलात घातला तेव्हा तिचं तोंड रिकामं होतं. पहिला दात त्यानंतर आला, मी तुला मुद्दाम कळवलं होतं.

पिशव्या पोस्टाने पाठवत नाही. हे स्वतः घेऊन येताहेत. मालकांना सगळं सांगूनच निघालेत. मालकांनी कामावर येऊ नका म्हटलंय. त्यांना जेवायला घाल, चार दिवस धड जेवलेले नाहीत. आणि टोचून बोलू नकोस.

बारकी


६ मार्च

प्रिय बारके,

ढमी स्वच्छ आहे. हे आधी वाच आणि दोनदा वाच. लंगोटांत काही नाही. टोपीवर अगदी किंचित सापडलं, टोपी आता परत मिळणार नाही, नवी विणून घे. मैत्रीण म्हणाली, पोटात गेलं असतं तर एवढ्या दिवसांनीही दिसलं असतं. पोरीला उचला, घ्या, दोघांनीही. नवऱ्याचे हात स्वच्छ आहेत, तेही तपासले.

ब्रश योग्य ठिकाणी जमा झालाय, शिसं लावलेल्या पेटीत. शाळेतली तराजूची खोली बंद ठेवली आहे, पुसून झाल्यावर उघडतील. ब्रश मीच वापरायचे, मुलांपर्यंत गेलेला नाही, तीही काळजी नको.

तुझ्या नवऱ्याबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. पिशव्या द्यायला आला तेव्हा आणि आता निकाल घ्यायला आला तेव्हा, मिळून तो इथे तीन दिवस होता; हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. तुझे भावजी आणि तो व्हरांड्यात बसून एकही शब्द न बोलता चहा पीत होते आणि दोघं खूश होते. भांडी घासून ठेवतो गं. तू त्याला शिकवलंस की आधीपासून येत होतं?

आता ह्या विषयावर पडदा. पुढच्या पत्रात फक्त ढमीचं लिही, किती पावलं टाकते, काय बोलते. मी मजेत आहे.

ताई


११ मार्च

ताई,

ढमी चालत नाही अजून. पलंगाला धरून उभी राहते आणि ह्यांना बोलावते. तुझं पत्र घेऊन आले तेव्हापासून हे तिला खाली ठेवायलाच तयार नाहीत. एका हाताने पोरगी, एका हाताने बादली, मोरीत पाणी सांडून ठेवलंय सगळं. सांडू दे.

झालं ढमीचं. आता दुसरं.

तुझं पत्र मी दोनदा नाही, सात-आठ वेळा वाचलं. ढमी स्वच्छ, ह्यांचे हात स्वच्छ, शाळेतली मुलं स्वच्छ. टोपीचंसुद्धा लिहिलंस. एवढं सगळ्यांचं मोजून-मापून लिहिणाऱ्या बाईने स्वतःपुरतं लिहिलं, मजेत आहे. तू कधी मजेत असतेस? दाढ काढली तेव्हासुद्धा तू मजेत होतीस, आणि आईने उशी पाहिली तेव्हा कळलं रक्त किती गेलं ते.

मी फार शिकले नाही. पण मला एवढं कळतं की ओरखडे आपोआप पडत नाहीत. तू विचारलंस तेव्हा ओरखडे होते, मी सांगितलं ढमीला दात नव्हते, आणि त्यानंतरच्या पत्रात ओरखड्यांचा विषयच नाही. कुठे गेले? तुझं जानेवारीतलं पत्र काढलं. दोन्ही हातांनी वजनं ठेवायची आणि ब्रश दातात. लहानपणापासून तुझ्या दातात काहीतरी असतंच. पिना, सुया, दोरा, पेन्सिल, किल्ल्या. तोंड म्हणजे तुझा तिसरा हात. आई म्हणायची, ही एक दिवस खिळा गिळेल.

मी पत्र ह्यांच्यासमोर धरलं आणि विचारलं, ताईचं काय निघालं. हे ढमीच्या केसांत तोंड घालून बसले. मी म्हटलं, आपण एकमेकांपासून लपवून काय मिळवलं ते बघितलं ना? तेव्हा बोलले. तू त्यांच्याकडून वचन घेतलंस. ज्या माणसावर तुझा विश्वास नव्हता त्यालाच गुपित ठेवायला दिलंस आणि त्याने पाच दिवस ठेवलं, हे तुला सांगायचं म्हणून सांगते.

त्यांनी सांगितलं, थोडंसं निघालं. पोटात गेलंय. थोडंसं म्हणजे किती, तर डॉक्टर म्हणाले घाबरण्याइतकं नाही, अंगातून दर दीड-दोन महिन्यांनी अर्धं निघून जाईल आणि उरलेलं तसंही आपोआप विझत जातं. रक्त महिन्याच्या महिन्याला तपासायचं. खरं का? की हेही त्यांना तूच शिकवून पाठवलंस? तुझं थोडंसं मला चांगलं माहीत आहे. डॉक्टरांचा कागद मी स्वतः बघणार आहे, आणि कळलं नाही तर त्यांना विचारणार आहे, तुला नाही.

वस्तू मी पाठवली. तुला खूश करायला, नवऱ्यापासून चोरून. आता तू म्हणशील तुझी काय चूक, तुला काय माहीत. म्हणू नकोस. मी ढमीला मांडीवर घेतलं की मला बरं वाटतं, आणि लगेच तू आठवतेस, आणि बरं वाटल्याची लाज वाटते. ब्रश इथेच राहिला असता तर तिला दात आले तेव्हा तो तिच्या पुढ्यात असता. तिच्या वाटणीचं तू घेतलंस, न विचारता.

हे कामावर नाहीत तोवर रिकामेच आहेत, म्हणून आम्ही तिघं मंगळवारी येतोय. राहायला. किती दिवस ते विचारू नकोस, तुझे दोन-तीन अर्धे होईपर्यंत. स्वयंपाक मी करणार, भांडी हे घासणार, ढमी तुझ्या अंगावर चढणार. भावजींना सांग, विडी घरात दिसता कामा नये.

आम्ही दुपारी पोचू. पिशव्या हातात असतील तुझ्या, बाजारातून आली असशील, म्हणून आधीच सांगते. पिशव्या खाली ठेव आणि मग कुलूप उघड. किल्ली तोंडात धरलेली दिसली तर मी ढमीला तुझ्याकडे देणार नाही.

तुझी
बारकी